दाराबाहेरचा माणूस

मला एका पुस्तकाची भीती वाटते असं सांगितलं तर लोक हसतील. मी पाइप फिटर. टाक्यांच्या पोटात उतरून जोडकाम करण्यात माझं आयुष्य गेलं. शाळा चौथीपर्यंत. पण इथे सौदीत, यान्बूला, लेकीच्या घरात, कपाटावर एक जाड पुस्तक आहे, आणि दुपारी घरात एकटा असलो की मी त्याच्याकडे पाठ करून बसतो.

पुस्तक हिचं. ही म्हणजे माझी बायको. गेल्या श्रावणात गेली. लिहिणारा फ्रेंच भाषेत लिहितो. मराठीत आलेली त्याची पुस्तकं ही तालुक्याच्या लायब्ररीतून आणायची. हे एवढंच विकत घेतलेलं, म्हणून येताना मी बरोबर आणलं. मागच्या बाजूला त्याचा फोटो आहे. टक्कल पडलेलं, चेहरा गणिताच्या मास्तरासारखा. आधी म्हणे वकिलाकडे कारकून होता. पहिली पुस्तकं कुणी छापेना. मग एक छापलं आणि तिकडे आगगाडीत, विमानतळावर, जिकडे तिकडे लोकांच्या हातात तेच. तेव्हापासून ह्याचा कारखाना सुरू. प्रत्येक पुस्तकात धंदा एकच: माणसाला कुठेतरी कोंडायचं. लिफ्टमध्ये, विहिरीत, बर्फात रुतलेल्या गाडीत.

"ह्याला लहानपणी कुणीतरी कोठीत कोंडलेलं असणार," ही म्हणायची. "त्याचा सूड जगावर उगवतोय मेला."

मी तेव्हा अल खफजीला, समुद्रातल्या तेलाच्या कामावर. कॅम्पात सगळे एकटे बाप्ये. शुक्रवारी सुट्टी, तेव्हा घरी फोन. आंबा मोहरला, कौलं चाळून झाली, एवढं सांगून झालं की ही गोष्ट पुढे सुरू करायची. मी फोन स्पीकरवर टाकायचो. खोलीतले आमच्या कोकणातले गडी हातातले पत्ते टाकून जवळ सरकायचे.

"वहिनी, आज कुणाचा नंबर?"

"थांबा हो भाऊजी, बिचारा अजून जेवतोय. शेवटचं जेवण आहे, नीट जेवू दे."

आणि ऐन वेळी "अगोबाई, दूध उतू गेलं" म्हणून फोन ठेवायची. ते दूध दर शुक्रवारी उतू जायचं. आम्ही आठवडाभर तळमळायचो. शेवट मात्र गोड. हिच्या तोंडून माणूस सुटायचाच.

हे कपाटावरचं पुस्तकही तिने असंच सांगितलं होतं. एक बाई तळघरात कोंडलेली. बाहेर बर्फ. रोज एक माणूस दाराबाहेर येतो आणि गोड आवाजात म्हणतो, घाबरू नका, उद्या उघडतो. हिच्या गोष्टीत शेवटी पहाटे कडी निघते आणि दारात त्या बाईची बहीण उभी असते. ते ऐकून आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.

पुढे हिचा फोनवरचा आवाज खोल जायला लागला. "काय होतंय?" विचारलं की म्हणायची, "पित्त हो. डॉक्टर म्हणाला, पथ्य पाळा." काम संपवून घरी गेलो तर पित्तबित्त काही नव्हतं. अंथरुणात मूठभर उरली होती. थोड्याच दिवसांत तीही नाही.

लेक इथल्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. तिने मला व्हिजिट व्हिसावर आणलं. आल्यापासून खोकला. एसीचा असेल म्हटलं. मग रुमालावर रक्त दिसलं. लेकीने हॉस्पिटलात नेलं, मला मशीनमध्ये घातलं. डॉक्टर मिसरचा, म्हणजे इजिप्तचा. तो तिच्याशी इंग्रजीत बराच वेळ बोलला. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. बाहेर आल्यावर लेक म्हणाली, "इन्फेक्शन आहे बाबा. गोळ्यांनी जाईल."

तो एवढं बोलला आणि मराठीत एवढंसंच झालं?

त्याच दिवसांत मी ते पुस्तक खाली काढलं. वेळ जाईना म्हणून, दुसरं काही नाही. गोष्ट माहीत होती म्हणून जमलं. ओळीखाली बोट धरून, अक्षर लावत लावत शेवटाला आलो. शेवटच्या पानावर तो दाराबाहेरचा माणूस यायचाच थांबतो. बाई दाराशी बोलत राहते. दार बंदच. मी पान उलटलं, पुढे कोरा कागद. बहीण नाही, पहाट नाही.

मी पुस्तक झटकन मिटलं. ते त्या बाईसाठी नव्हतं. हिने शेवट बदलला होता. म्हणजे सगळेच बदलले असणार. आणि ते पित्त? ते त्यातलंच. आणि माझं इन्फेक्शन?

तेव्हापासून लेक ड्युटीवर गेली की मला दाराची भीती बसली. एकदा बेल वाजली, मी हललो नाही. बाहेरून ओरडणं सुरू, "मोया, बाबा, मोया!" मोया म्हणजे पाणी. कॅन आणणारा होता, नेहमीचा. आवाज गोड होता, म्हणून तर उघडलं नाही. संध्याकाळी लेक म्हणाली, "बाबा, पाणी का नाही घेतलंत?" मी म्हटलं, झोप लागली होती.

शेवटी एका शुक्रवारी, जेवणं झाल्यावर, पुस्तक तिच्यापुढे ठेवलं. "डोळ्यांना दिसत नाही. शेवटचं प्रकरण वाचून दाखव."

ती वाचायला लागली. नीट वाचत होती. शेवटच्या पानाशी जरा थांबली, घसा साफ केला आणि म्हणाली, "पहाटे कडी निघाली. दारात तिची बहीण उभी होती."

शब्द न् शब्द तिच्या आईचे.

"हा शेवट तुला कुणी दिला?"

"इथे लिहिलंय, बाबा."

"मी वाचलंय ते. बोट धरून वाचलंय."

तिने पुस्तकातून मान वर केली. मग हळूच म्हणाली, "आईने. जायच्या आधी म्हणाली, त्यांना शेवट असाच सांग. नाहीतर त्यांना झोप लागत नाही."

मी तिला म्हटलं, "ऐक बाय. आम्ही टाकीत उतरायचो तेव्हा तोंडाशी एक माणूस बसवायचे. होलवॉच. त्याच्या हातात गॅसचा मीटर. आतल्याला काही दिसत नाही, सगळा भरवसा त्याच्यावर. मीटर वाजला की त्याने ओरडून सांगायचं. आतल्याला वाईट वाटेल म्हणून तो गप्प बसला तर आतला मेला. आता मी आत आहे. मीटर काय म्हणतोय?"

तिने पुस्तक मिटलं. "फुप्फुसात आहे, बाबा. पसरलंय. ऑपरेशन होणार नाही."

"किती वेळ?"

"ते डॉक्टरलाही सांगता येत नाही. हे खरं सांगतेय."

खरं होतं, कारण ती माझ्याकडे बघून बोलत होती. टाकीतसुद्धा अशी भीती कधी वाटली नव्हती. खाली रस्त्यावर गाड्या चालू होत्या, एसी घरघरत होता, आणि मला वाटलं की आपण ओरडलो तरी कुणाला ऐकू जाणार नाही.

"आता खरा शेवट वाच," मी म्हटलं.

"नको ना, बाबा."

"वाच."

तिने वाचला. बाई दाराशी बोलत राहिली. दार बंदच राहिलं. एक शब्दही गाळला नाही तिने. मी बोट ओळीवर ठेवून बघत होतो.

"भीती वाटते का?" तिने विचारलं.

"वाटते. पण कशाची ते आता कळलं. उगाच त्या पाणीवाल्याला घाबरत होतो."

ती हसायला गेली आणि रडली. उठायला लागली तेव्हा मी तिचा हात धरला.

"होलवॉचला जागा सोडता येत नाही."

"मग चहा कोण करणार?" ती नाक ओढत म्हणाली.

"नको चहा. बस इथे."