थांबा मागायला गेलो

सभेत उभं राहून बोलावं तर मीच, आमच्या गावात कुणालाबी विचारा. फक्त जे बोलायचं ठरलेलं असतं ते सोडून समदं बोलतो.

शाळेत मी गेलो न्हाई. म्हंजी गेलो व्हतो, पण मागल्या आवारात शेरडं चारायला. त्यामुळं मला अक्षराचं भ्या वाटतं, माणसाचं वाटत न्हाई. ह्या एका गुणावर खासदार यायच्या आधल्या दिवशी गावानं मला निवडलं. एका गावानं एकच प्रश्न विचारायचा, असा निरोप व्हता.

प्रश्न ठरलेला व्हता. यवतच्या पल्याड, दौंडच्या अल्याड आमचं लहानसं ठेसन हाय. पूर्वी सकाळची पॅशिंजर तिथं थांबायची. माझी बायको आन् वस्तीवरच्या बाया कोथिंबीर-मेथीच्या पाट्या घेऊन चढायच्या आन् हडपसरचा बाजार उठायच्या आत विकून मोकळ्या व्हायच्या. लॉकडाऊनमधी गाड्या बंद झाल्या, परत चालू झाल्या, पण आमचा थांबा काय परत आला न्हाई. आता बाया टेम्पोत कोंबून यवतला जात्यात, तिथनं गाडी धरत्यात. बाजारात पोचंपतोर कोथिंबीर माझ्यासारखी दिसाय लागती. असंच चाललं तर भाजीचा धंदाच सोडावा लागंल, असं बायको म्हणायची.

"थांबा मागा. दुसरं काय बी बोलू नका," ती म्हणली. "म्हणून दाखवा बरं."

मी म्हणून दाखवलं.

"आता उद्यापतोर गप बसा."

सभा देवळाम्होरं मांडवात. खासदार सत्तेतल्या पक्षाचे. दिल्लीत त्यांच्या लोकांनी देशासाठी काय काय केलं, ते सांगत गावोगाव फिरत व्हते. "आपल्याकडं बहुमत आहे, त्यामुळं कुठलाच निर्णय अडत नाही," म्हणले. आधी सीमा, मग रस्ते, मग रेल्वे, मग चंद्र, असा त्यांच्या कामाचा क्रम व्हता. कुठला कायदा किती झटक्यात पास झाला ते सांगितलं. मग नव्या फास्ट गाड्यांवर आले. त्या गाड्या आमाला ठाव हायेत. देशाची प्रगती आमच्या ठेसनावरनं रोज जाती, फलाटावरच्या माणसांच्या टोप्या उडवती, फक्त थांबत न्हाई. हेच मला बोलायचं व्हतं. वाक्य जिभेवर तयार व्हतं.

तेवढ्यात निवेदक म्हणला, "गावाच्या वतीनं प्रश्न विचारणाऱ्या मामांचा साहेबांच्या हस्ते सत्कार!"

आमच्याकडं सत्कार केल्याबिगर माणसाला माईकपशी सोडत न्हाईत. साहेबांनी माझ्या अंगावर शाल टाकली, हातात नारळ दिला, फोटोसाठी मला खांद्याला धरून वळवलं. माझ्या लग्नात बी शाल सासऱ्याला मिळाली व्हती. ज्यानं आत्ताच पांघरूण घातलं त्याला लगेच कसं नडायचं? प्रश्न आधी विचारून नारळ मागनं घ्यायचा असतो, हे मला तवा सुचलं न्हाई.

"विचारा मामा," साहेब म्हणले.

मी विचारलं, "साहेब, चंद्रावर पुढचं यान कवा जाणार?"

मांडव हसला. साहेब लई खूश झाले. चंद्रावर ते एवढं बोलले, की मागची माणसं चहाला जाऊन परत आली. बायांच्या बाजूला मी बघितलंच न्हाई.

"माईक हातात हायेच, तर मामा, आभार बी तुम्हीच माना," निवेदक म्हणला.

आभार मला पाठ हायेत. मांडववाला, स्पीकरवाला, चहावाला, समद्यांचे मानले. आन् शेवटाला दर बारीला म्हणतो तेच तोंडातनं गेलं, "साहेबांच्या येण्यानं गावाचे समदे प्रश्न मार्गी लागले!" टाळ्या झाल्या. सभा संपली.

साहेब गाडीत बसाय निघाले, तर माझी बायको दारापशी आडवी उभी. मागं वस्तीवरच्या बाया.

"साहेब, सकाळची पॅशिंजर आमच्या ठेसनावर थांबत न्हाई. ती थांबवा."

साहेबांनी माझ्याकडं बोट केलं. "ताई, आत्ताच ह्या मामांनी गावाच्या वतीनं आभार मानले. प्रश्न मार्गी लागले म्हणाले."

"आमचे मालकच हायेत ते."

"मग?"

मी नारळ ह्या हातातनं त्या हातात घेतला.

बायको माझ्याकडं न बघता म्हणली, "त्यांचं काय घेऊन बसलाव साहेब. घरात कालवण कशाचं करायचं हे बी त्यांना कुणी विचारत न्हाई. गाडी कवा थांबणार, तेवढं सांगा."