थोरली कोण?

'थोरला' हा शब्द मी शब्दकोशात पाहायला गेलो त्याचं कारण अगदी घरगुती होतं.

मुलुंडला आमचं दोन खोल्यांचं घर. आई, मोठा भाऊ, मी आणि माझी बायको. भावाचं कुठेच जमेना, तेव्हा त्यानेच आग्रह धरून माझं लग्न आधी लावून दिलं होतं. पुढे इमारतीत पहिला रंगीत टीव्ही आला त्या वर्षी त्याचंही जमलं. मुलगी कुर्ल्याची, नोकरी करणारी, आणि माझ्या बायकोपेक्षा चार वर्षांनी लहान.

आईने लगेच माझ्या बायकोला सुनावलं, "आता ती थोरली, तू धाकटी. ती घरात आली की तिच्या पाया पडायचं."

"माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची आहे ती, आई."

"वय नाही बघत गो. नवरा कितवा ते बघतात."

"मग नवऱ्यालाच वाकायला सांगा. मी नाही वाकणार," म्हणून बायको तांदूळ धुवायला निघून गेली.

भाऊ घाबरला. वरातीबरोबर मुलीच्या माहेरची माणसं येणार, त्यांच्यादेखत तिचा मान राहिला नाही तर संसाराची सुरुवातच कडू व्हायची. मला गॅलरीत नेऊन म्हणाला, "तू काहीतरी कर रे. इतक्या वर्षांनी जमलंय."

भांडण मिटवायचं तर आधी मुद्दा तपासावा, असा माझा स्वभाव. थोरलेपण वयाचं की नात्याचं? वाचनालयात बसून मी दोन शब्दकोश पाहिले. 'थोर' हा संस्कृत 'स्थूर'वरून आलेला. स्थूर म्हणजे जाड, भरभक्कम. त्यावरून आकाराने मोठा, मग मानाने मोठा, मग वयाने आणि नात्याने. घराण्याची थोरली पाती, थोरले साहेब, थोरली जाऊ ही सगळी नंतरची मंडळी. म्हणजे शब्दाच्या मुळात ना वय होतं, ना नातं.

रात्री जेवताना मी हे जसंच्या तसं सांगितलं. आईचा घास हातातच राहिला. भाऊ ताटात बघू लागला.

"म्हणजे मी जाड म्हणून थोरली?" बायकोने विचारलं.

"असं मी कुठे म्हटलं? शब्दकोशात..."

"शब्दकोशाकडेच जेवायला जा उद्यापासून."

भावाने जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवला. "झकास. होती नव्हती ती आशाही गेली."

लग्न झालं. संध्याकाळी नवरी उंबऱ्यावरचं माप ओलांडून आत आली, मागोमाग तिच्या माहेरची सातआठ माणसं. खोलीत पाय ठेवायला जागा नाही. मी आधीच पुढे होऊन वहिनींना नमस्कार केला. निदान घराण्याच्या खात्यात एक तरी जमा व्हावा. मग आई म्हणाली, "पाया पड गो थोरल्या जावेच्या."

बायको ओवाळणीचं ताट घेऊन उभीच. भावाने तिच्याकडे असं पाहिलं की निकाल वाचणाऱ्या मास्तरांकडे नापास होणारं पोरही तसं पाहत नसेल. तिने एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं, ताट माझ्या हातात कोंबलं आणि पदर सावरून वाकू लागली.

वहिनी एक पाऊल मागे सरल्या. "थांबा हो. आई, मी इथली थोरली ना?"

"हो तर."

"थोरलीचं सगळ्यांनी ऐकायचं?"

"ऐकायलाच हवं," आई ठासून म्हणाली. समोर माहेरची माणसं होती, दुसरं काय म्हणणार?

"मग मी थोरली म्हणून सांगते, माझ्या कुणी पाया पडायचं नाही. आणि मला बसू द्या आधी. या शालूने जीव नकोसा केलाय."

कुर्ल्याची मंडळी हसली. भाऊ पलंगाच्या कडेवर टेकला आणि त्याने पहिल्यांदा फेटा काढला. बायकोने चहा आणला.

"साखर जरा कमी घालत जा हं," वहिनी एक घोट घेऊन म्हणाल्या.

"जाऊबाई, पहिला हुकूम ऐकला. साखर मात्र या घरात माझ्याच हाताने पडते."

वहिनींनी कपाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि तो गोडमिट्ट चहा मुकाट्याने संपवला.