लाखावर एक

वरंधच्या महिपतीला आकडेमोडीत हरवणारा माणूस थेट महाडपर्यंत कुणी नव्हता, असं निदान महिपतीचं मत होतं. शाळा चौथीपर्यंतच, पण पावकी-निमकी जिभेवर. काहीही विचारा, उत्तर तयार. ‘माहीत नाय’ हे शब्द गावाने त्याच्या तोंडून कधी ऐकले नव्हते.

१९३१ साली मुंबईहून पत्र आलं. गिरणीत कामाला असलेला धाकटा भाऊ रावजी मुदतीच्या तापाने अंथरुणाला खिळला होता, भरवसा नव्हता. त्याची बायको ठकूबाई गावीच असायची, वय वर्षं बावीस. पत्र ऐकून उठली ती महादेवाला बेलाची लाखोली बोलायला निघाली.

“नुसतं लाख नको गो,” महिपती म्हणाला. “देवाला वर एक द्यावं. आन रोज सारखीच पानं व्हायची, कमीजास्त नाय.”

“सारखे भाग पडतील ना, भावजी?”

“न पडायला काय झालं?”

ठकूबाई गावच्या पिंडीपुढे तसंच बोलली, याच पिंडीवर वाहीन म्हणून.

संध्याकाळी महिपतीने ओट्यावर कोळशाने भागाकार मांडला. नुसतं लाख असतं तर रोज शंभर पानं, हजार दिवस. दोनशे घ्या, पाचशे घ्या, कसंही सुटत होतं. त्या वरच्या एकाने घात केला. साताने भागलं तर सहा उरले, नवाने दोन, एकविसाने वीस. अकराचा भाग मात्र निःशेष गेला आणि हाती आले नऊ हजार एक्याण्णव. आता हे फोडू म्हणून तो पंच्याण्णवपर्यंतचे सगळे आकडे लावत गेला. त्यापुढचा आकडा लागला असता तर त्याचा लहान जोडीदार आधीच सापडला असता, एवढं त्याला कळत होतं. ओटा काळा झाला, आकडा काही फुटला नाही.

म्हणजे एक तर रोज नऊ हजार एक्याण्णव पानं, अकरा दिवस. गावात बेलाची झाडं तीन. ओरबाडली तरी पुरणार नव्हती. नाहीतर रोज अकरा पानं, नऊ हजार एक्याण्णव दिवस. पंचवीस वर्षांना जेमतेम सव्वा महिना कमी. त्यात बाईचे महिन्याचे चार दिवस देवळात जाणं बंद, ते धरले तर आणखी लांबणार. रोज एकच पान म्हटलं तर पावणेतीनशे वर्षं. त्याने सगळं पुसून पुन्हा मांडलं. तेच आलं.

सकाळी त्याने सांगितलं तेव्हा ठकूबाईने हातातला झाडू भिंतीला टेकवला. मग म्हणाली, “अकरा तर अकरा.”

रावजी वाचला. आठ महिन्यांनी तिला न्यायला आला. लालबागला खोली घेतली होती. महिपती दोघांपुढे हात जोडून म्हणाला, “तू जा गो. चूक माझी हाय, पानं मी वाहीन.”

“बोलले मी, भावजी. देवानं त्याचं केलं. आता माझं मलाच करायचं हाय.”

रावजीने खूप समजावलं, रागावला, शेवटी एकटाच दासगावच्या बंदराच्या वाटेला लागला. तो वळणाआड जाईपर्यंत ठकूबाई उभी होती.

“भावजी, किती दिवस राहिले?” तिने विचारलं.

आकडा महिपतीच्या डोक्यात तयार होता, एका दिवसाचीही चूक नव्हती.

“माहीत नाय,” तो म्हणाला.