गाडगी वाजवणारी बाई

निपाणी स्टँडबाहेर गाडगी विकणारी एक बाई बसायची. नाव मी कधी विचारलं नाही. प्रत्येक गाडगं ती कानाशी धरून वाकड्या बोटानं वाजवायची आणि डोळे मिटून ऐकायची. चिरलेलं निघालं तर मुकाट्यानं मागं सारायची.

एकोणऐंशीच्या सुमाराची गोष्ट. माझी कर्नाटक सरकारातली नोकरी कन्नडच्या तोंडी परीक्षेवर अडली होती. अक्षरं वाचता यायची, पण कुणी बोलू लागलं की शब्द कुठं संपतो तेच कळत नसे. ही बाई मात्र माझ्याशी मराठी बोलता बोलता गिऱ्हाइकाशी सहज कन्नडात वळायची. मला नवल वाटायचं.

“आक्का, कुठं शिकलासा?”

“लगीन होऊन आलो तवा सासू कन्नडच बोलायची. वरीसभर नुसतं ऐकत बसलो.” तिनं दोन गाडगी पुढं केली. “वाजवा बघू.”

मला दोन्ही आवाज सारखेच वाटले.

“एक चिरलंय. रोज वाजवा. कान चांगला हाय, सवय न्हाय त्याला.”

मग बस येईपर्यंत मी रोज गाडगी वाजवू लागलो. पंधराएक दिवसांनी एक गाडगं मी आपणहून मागं सारलं. तिनं पुढचं हातात दिलं. बसमध्येही मी कन्नड बोलणाऱ्यांच्या शेजारी बसून नुसतं ऐकू लागलो.

परीक्षेत साहेब बोलू लागले तसे मी डोळे मिटले. शब्द सुटे सुटे ऐकू आले. डोळे उघडले तर साहेब माझ्या हाताकडं बघत होते. माझं वाकडं बोट टेबलावर वाजत होतं.

“हे काय चाललंय?” त्यांनी कन्नडात विचारलं.

तेही मला कळलं.