ठो सरांचा गुन्हा

आमच्या शाळेचे ड्रिल मास्तर पंचवीस वर्षं शर्यती तोंडाने सोडत असत. "जागेवर... तयार..." एवढं ते साध्या आवाजात म्हणायचे, आणि मग पोटाच्या तळापासून जो "ठो!" निघायचा त्याने शेजारच्या चिंचेवरचे कावळे उडायचे आणि पलीकडच्या गल्लीतलं तान्हं पोर रडायला लागायचं. नव्याने बदलून आलेल्या एका शिक्षणाधिकाऱ्याने तर खुर्चीखाली काय फुटलं ते वाकून पाहिलं होतं. सरांचं खरं नाव हजेरीपुस्तकाबाहेर कुठेच उरलं नव्हतं. नागपूरभर ते ठो सर.

खरं तर शाळेकडे पिस्तूल होतं. शर्यतीचं, गोळी नसलेलं, नुसता आवाज करणारं. मी शाळेचा कारकून, आणि माझ्याच मागच्या कपाटात ते फडक्यात गुंडाळून पडलेलं असे. पण शहराच्या हद्दीत बार काढायचा तर परवानगी लागते, आणि ठो सर परवानगीशिवाय दुसऱ्याच्या टेबलावरचा खडूसुद्धा उचलत नसत. म्हणून दरवर्षी जूनमध्ये ते अर्ज सांगायचे आणि मी तीन प्रतींत टाइप करायचो. छापील फॉर्मात एक रकाना होता: हत्यार कशासाठी वापरणार, शिकार, पीकरक्षण की स्वसंरक्षण? सरांनी तिन्ही खोडून प्रामाणिकपणे लिहिलं, 'शंभर मीटर'. चार महिन्यांनी विचारणा आली, की शंभर मीटरवर कोणतं जनावर आहे याचा खुलासा करावा. आम्ही खुलासा केला की जनावर नाही, आठवी ते अकरावीचे विद्यार्थी आहेत. त्यावर दोन वर्षं उत्तरच आलं नाही. एक हवालदार मात्र शाळेभोवती उगाच चकरा मारून गेला.

पोलीस ठाण्याचे साहेब तसे चांगले होते. त्यांचा मुलगा आमच्याच शाळेत. एकदा चहा पिताना ते म्हणाले, "मास्तर, उडवून द्या ना गुपचूप. वरातीत लोकं खऱ्या बंदुका उडवून राहिले, आम्ही कोणाले धरलं का?"

"वरातवाल्यायचं त्यायच्यापाशी," सर म्हणाले. "मी पोरायले लाइनीमागं उभं ठेवतो. बोट पुढं आलं का फाऊल. मंग मीच लाइन कशी ओलांडू?"

हे नुसतं बोलणं नव्हतं. गॅदरिंगमधल्या शिक्षकांच्या शर्यतीत त्यांनी खुद्द हेडमास्तरांना दोनदा फाऊल देऊन बाहेर बसवलं होतं. त्या वर्षी शाळेला नवे फुटबॉल मिळाले नाहीत.

असं सगळं बरं चाललं होतं, तेवढ्यात सुशीला आली. इंदोऱ्याच्या वस्तीतली, दहावीतली काटकुळी पोरगी, अनवाणी पळायची. राज्याच्या निवडचाचणीला जिल्ह्यातून एकच मुलगी जाणार होती. त्यासाठी शंभर मीटर तेरा सेकंदांच्या आत पळाल्याचा दाखला हवा होता, आणि शर्यत पिस्तुलाच्या बारावर सुटलेली हवी होती. तोंडच्या आरोळीवर सुटलेली शर्यत जिल्हा संघटना धरत नसे. राज्याच्या संघातून रेल्वे मुलींना नोकरीत घ्यायची, आणि सुशीलाच्या घरात कायमची नोकरी कुणालाच नव्हती. मी सुचवलं की जकात नाक्यापलीकडे, हिंगण्याच्या रस्त्याला शर्यत लावू, तिथे शहराची हद्द संपते. पण संघटनेला मोजून आखलेलं मैदान हवं होतं, आणि तसं आमच्या शाळेचंच होतं. परवानगीचा अर्ज विचाराधीन होता. शर्यतीच्या आदल्या दिवशीही तो विचाराधीनच होता.

शर्यतीच्या सकाळी सर माझ्याकडे आले आणि कपाटाची किल्ली मागितली. मी ती काढून दिली. थोड्या वेळाने मैदानावरून बार ऐकू आला, आणि खरं सांगतो, तो सरांच्या 'ठो'पेक्षा अंमळ बारीकच होता. घड्याळं धरलेल्या तिन्ही मास्तरांनी बारा पूर्णांक आठ लिहिलं. सुशीला अजून धापा टाकत होती, तोवर सर पिस्तूल टॉवेलात गुंडाळून सायकलवरून ठाण्यात पोचलेही. स्वतःविरुद्ध तक्रार द्यायला.

"गोळी कोणाले लागली?" हवालदाराने विचारलं.

"कोणालेच नाही."

"मंग तक्रार काहून देऊन राहिले?"

"हद्दीत बार काढला. मीच काढला. लिहून घ्या."

दोन तास समजावूनही सर हलेनात, तेव्हा कुठे तक्रार लिहून घेतली आणि पिस्तूल जप्त झालं.

मागोमाग दुसरा घोळ. चाचणीला आपली मुलगी जावी म्हणून एका शाळेने हरकत घेतली. ठो सर शर्यत तोंडानेच सोडतात हे अख्ख्या नागपूरला ठाऊक आहे, तेव्हा ही वेळ धरू नये. घड्याळवाले तिघेही आमचेच मास्तर, त्यांचा शब्द कोण मानणार? बार पिस्तुलाचाच होता याचा बाहेरचा लेखी पुरावा द्या, असं संघटनेने कळवलं.

इकडे कोर्टाची तारीख लागली. आमच्याच एका जुन्या विद्यार्थ्याने फुकट वकीलपत्र घेतलं. तो भलताच खुशीत होता. "सर, ठाण्यातला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. तुम्ही फक्त म्हणा, मी तोंडानं ठो केलं. अख्खं नागपूर साक्ष देईल!" शाळेच्या चिटणीसांचाही निरोप आला, की सुटलात तर निवृत्तीनंतर दोन वर्षांची मुदतवाढ पक्की, शिक्षा झाली तर विसरा. सरांना ती मुदतवाढ फार हवी होती. मैदान सोडून जायचं कुठे, हे त्यांना माहीतच नव्हतं. पण सुटायचं तर बार झालाच नाही असं म्हणावं लागणार, आणि बार झाला नाही तर सुशीलाची वेळही झाली नाही.

न्यायाधीश हसतमुख होते. "मास्तर, आवाज तोंडाने केला होता ना?"

वकिलाने जोरजोरात मान हलवून खूण केली.

"नाही साहेब. पिस्तुलानं."

"नीट आठवून सांगा."

"नीट आठवते, साहेब. निकालात तारीख अन् वेळ लिहा. शर्यतीचं नाव पण लिहा. शंभर मीटर, मुली."

वकिलाने कपाळाला हात लावला. कोर्ट उठेपर्यंत बसून राहण्याची शिक्षा झाली. सर संध्याकाळपर्यंत बाकावर ताठ बसले. पाणी प्यायला उठायचं झालं तरी आधी हात वर करून परवानगी मागत होते.

निकालाची सहीशिक्क्याची नक्कल मी काढली आणि संघटनेच्या टेबलावर नेऊन ठेवली. बार झाला असं खुद्द न्यायालय म्हणतंय म्हटल्यावर त्यांचा इलाज खुंटला. सुशीला चाचणीला गेली, संघात आली. नागपुरातल्या वरातीत बंदुका उडतच राहिल्या, आणि हद्दीत बार काढल्याबद्दल माझ्या माहितीत दोषी ठरला तो आमचा एकटा ड्रिल मास्तर.

मुदतवाढ गेली. निरोपसमारंभही झाला नाही. शिक्षा झालेल्या माणसाला हार कसा घालायचा, असा चिटणीसांना पेच पडला होता. शेवटच्या दिवशी सरांनी मैदानावरच्या रेषा चुन्याने पुन्हा आखल्या आणि घरी गेले. मला भयंकर राग आला होता, आजही येतो. मी त्यांना रस्त्यातच गाठलं आणि विचारलं, "सर, कशाला केलंत हे?"

"एक फाऊल झाला, हद्दीचा," ते म्हणाले. "तो लपवाले पोरीवर दुसरा करू का गा?"

निकालाची एक नक्कल त्यांनी चौकटीत घालून घरी भिंतीवर लावली होती. आलागेला विचारायचाच. "हे सुशीलाचं सर्टिफिकेट हाय," सर सांगायचे. "माहं नाव नुसतं पंच म्हणून हाय."

सर गेले तेव्हा सुशीला रेल्वेत नोकरीला होती. आठवडाभराने ती सरांच्या घरी त्यांच्या पत्नीला, काकूंना, भेटायला आली, तेव्हा मी तिथेच होतो. निघताना तिने ती चौकट मागितली.

"अवं, शिक्षेचा कागद तो," काकू म्हणाल्या. "घरात कशाले लावतं?"

सुशीलाने काच पदराने पुसली.

"काकू, त्या दिवशी सर एक शब्द खोटं बोलले असते," ती म्हणाली, "तर मी आज आईसारखी बिड्या वळत बसली असती."