सेल्फ मारायला माणूस

"अंजूच्या आई, पोळ्या झाल्या का? झाल्या असतील तर सेल्फ मारा!"

खाजामियाँची ही हाक जिन्याखालून पहिल्यांदा आली तेव्हा मी चरकलेच. लातुरात येऊन आठवडाही झाला नव्हता. घरमालक कोणाला काय मारायला सांगतोय, कळेना. खाली गेले, तर पत्र्याच्या शेडमध्ये एक ऐसपैस जुनी डिझेल गाडी बॉनेट उघडून उभी होती आणि सत्तरीकडे झुकलेला हा माणूस रॉकेलच्या पातेल्यात कसल्याशा लोखंडी कांड्या धूत बसला होता. "काही न्हाई, सीटवर बसा आन् मी म्हणलं की किल्ली फिरवा," ते म्हणाले. "एकट्याचं काम न्हाई हे."

मी उमरीची. लेकीला दहावीत चांगले मार्क पडले म्हणून तिला लातूरला क्लासला घातलं. नवरा आणि शेती तिकडे, आम्ही दोघी इथे वरच्या खोलीत. म्हणजे पोरगी शिकायला आणि मी पोळ्या लाटायला. अंजू पहाटे जायची ती दिवेलागणीला यायची, आली की पुस्तकात तोंड. भिंतीवरच्या पालीशी गप्पा मारायची पाळी आली होती माझ्यावर. तेव्हा खोटं कशाला बोलू, किल्ली फिरवायचं काम मी आनंदानं घेतलं.

त्या कांड्यांना ते नोझल म्हणत. इंजिनात डिझेल फवारणारी अशी चार नोझलं. गाडी उभी राहून राहून त्यांच्या तोंडाशी घाण धरायची. खाजामियाँ ती काढून रॉकेलात भिजवत, पितळी ब्रशानं घासत. मग इंजिनाबाहेरच पाइपला जोडून समोर वरच्या बाकीच्या खोल्यांतल्या क्लासच्या पोरांचा एखादा जुना टेस्ट पेपर टेकवून ठेवत. "बोट आडवं घालू नका, डिझेल कातडीत घुसतंय," असं मला दर वेळी बजावत. मी सीटवर, बोट घालणार कुठून? मग ओरडत, "मारा!" मी किल्ली फिरवली की सेल्फ घरघरायचा आणि कागदावर डिझेलचा गोल उमटायचा. "थेंब नको, धुकं पाहिजे," हे त्यांचं ब्रीद. गोल नीट पडला की, "ह्याला पैकीच्या पैकी!" तीन नंबरचं नोझल मात्र हटकून थेंब टाकायचं. "हा आपला रिपीटर," म्हणत ते त्याला पुन्हा रॉकेलात बुडवत. "चिडायचं न्हाई त्याच्यावर. पुन्यांदा बसवायचं."

गंजगोलाईत त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं. गावोगावच्या जत्रांना ते खोकी गाडीत घालून जात आणि त्यांची बायको, जुबेदाबी, बायकांना बांगड्या भरायची. भूकंपाच्या साली दुकानात काचेचा खच पडला. "फुटल्या नसत्या तरी भरायच्या कुणाच्या हातात?" ते एकदा म्हणाले. "ज्या बाया वाचल्या, त्यांच्या घरचे गेले. हात मोकळे करून बसल्या होत्या." मग नवराबायको त्याच गाडीतून भाकरी आणि पाणी घेऊन किल्लारीकडे जायला लागले. पिंपातलं गाळाचं डिझेल घातल्यामुळे एकदा वाटेतच नोझलं तुंबली. मदतीला कोणी नाही. "तवा पहिल्यांदा ती सीटवर बसली. गाडी चालवता येत न्हवती तिला. पन सेल्फ असा मारायची, एक घरघर कमी न्हाई की जास्त न्हाई." तिला जाऊन बरीच वर्षं झाली होती. तरी त्या सीटवर बसताना मी जरा कडेलाच बसायची. बाईची जागा होती ती.

मुलगा पुण्याला होता. लातुरात तेव्हा जो तो क्लासच्या पोरांसाठी खोल्या काढत सुटला होता. लोकांनी गोठ्यांनासुद्धा फरशी घालून कॉट टाकल्या होत्या. मुलाचा फोन आला की एकच धोशा: गाडी भंगारात द्या, शेडच्या जागी खोली काढू. शेवटी बापलेकांचं ठरलं की गाडी चालू होतेय तोवर राहील. ज्या दिवशी ती उठणार नाही त्या दिवशी भंगारवाल्याला बोलवायचं. म्हणून दर महिन्याला हे धुणं. "गाडी गेली तर मी दिवसभर करू काय?" असं म्हणून ते हसल्यासारखं करायचे. मला ते हसणं बघवायचं नाही. मी चहा टाकायला उठायची.

अंजूची बारावी झाली, आमचं सामान रिक्षात चढलं. "चाचा, आता सेल्फ कोण मारणार?" मी विचारलं. "पोरं हायेत की वरती," ते म्हणाले. पोरं होती, पण ती जेवतानाही सूत्रं पाठ करायची. उमरीला गेल्यावर पोळ्या लाटताना माझे कान उगीचच जिन्याकडे लागायचे, आणि आमच्या घराला तर जिनाच नव्हता. गाडी काही दिवाळी बघत नाही, अशी माझी खात्री होती.

अंजूला नांदेडला मेडिकलला प्रवेश मिळाला, तेव्हा मी पेढे घेऊन लातूरला गेले. रिक्षातून उतरताना आधी शेडकडे पाहिलं. शेड होती, गाडीही होती. खाजामियाँ बॉनेटपाशी वाकलेले. हातात एक लांब वायर, तिच्या टोकाला दाराच्या बेलसारखं बटण. सेल्फची वायर त्यांनी मेकॅनिककडून पुढे ओढून घेतली होती. "बघा हं," म्हणाले, आणि एका हातात टेस्ट पेपर धरून दुसऱ्या हातानं बटण दाबलं. सेल्फ घरघरला. कागदावर धुक्याचा गोल उमटला. सीटवर कोणी नव्हतं.

"बरं झालं की, चाचा!" मी म्हणाले. "चांगलं डोकं चालवलंत. गाडी वाचली तुमची."

त्यांनी फडक्याला हात पुसले, पेढा घेतला आणि तो तसाच हातात धरून बसले.

"गाडी वाचली, अंजूच्या आई. पन आता कुणाला हाकच मारावी लागत न्हाई."