खांबाजवळच्या रिंगा

मैत्री, सुजात,

परवा फोनवर मैत्रीने विचारलं, "आजी, बीममधला शिअर तुला काढता येतो?" मी हो म्हटलं आणि विषय बदलला. का बदलला, ते आता लिहिते.

पातूरकडची शाळा. स्लॅबचा दिवस. रीत अशी, की ज्या इंजिनिअरने सळई तपासली त्याने नारळ फोडायचा, मगच काँक्रीट सुरू. सळई मी तपासली होती. आधी एक चूक सांगायची आणि मग फोडायचा, म्हणून नारळ उचलला. ठेकेदाराने तो माझ्या हातातून काढून घेतला.

"तुमी नका फोडू, बाई. स्लॅबले इटाळ नाही पाह्यजे."

आमच्या खात्याचे वरिष्ठ साहेब हसले.

आपल्या घरात नारळाची पूजा नाही. मला त्याची हौसही नव्हती. पण तो मान माझ्या कामाचा होता.

मी कामाचंच बोलले. बीम मधोमध वाकतो. खांबाजवळ मात्र भार त्याला कापू पाहतो. तो कापणारा ताण, म्हणजे शिअर, मी काढला होता. जास्त होता. सळयांभोवतीच्या रिंगा खांबाजवळ दाट हव्या होत्या. त्यांनी सगळीकडे सारख्याच अंतरावर बांधलेल्या.

"बाईले रिंगा पाह्यजेत! सराफ्यात जा ना मंग."

साहेब म्हणाले, "राखीव कोट्यातलं गणित आहे. ओता."

ओतलं.

पुढे व्हरांड्यात खांबाजवळ तिरकी भेग पडली. मी टेकू मागितले. मिळालं प्लास्टर. एका सकाळी व्हरांड्याचा स्लॅब खाली आला. मुलं मैदानावर प्रार्थनेला उभी होती. व्हरांड्यात फक्त त्यांच्या चपला. मी त्या ढिगाऱ्यातून उपसल्या. चिमुकल्या. सिमेंटच्या धुळीने पांढऱ्या. आजही कुणाच्या दारात चपला दिसल्या, की माझी नजर आधी छताकडे जाते.

साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "हिशेब बाईंचा होता."

माझी अमरावतीला बदली झाली. नांदगाव पेठेजवळ दुसरी शाळा. ठेकेदार तोच. रिंगा तशाच. नारळ मांडीत घेऊन मी खांबाजवळच्या सळईवर बसले.

"उठा ना बाई. मिक्सर फिरून राह्यला."

"फिरू द्या. रिंगा दाट करा."

"साहेबाले फोन लावू काय?"

"लावा."

ऊन चढलं. सळई तापली. मी उठले नाही. शेवटी माझ्यासमोर रिंगा बांधल्या. मोजून घेतल्या. मग उठले आणि नारळ मीच फोडला.

त्यानंतर कुणाच्याही हसण्यापायी एक रिंगही सोडली नाही. तुम्हीही सोडू नका.

चपला अजून स्वप्नात येतात. नांदगाव पेठेची शाळा उभी आहे.